वरच्या मजल्यावरची तीन मशिनं

मी पीएच.डी.ला नाव घातलं त्या सुमारास हैदराबादेत जो तो अमीरपेठेकडे धावत होता. तिथल्या इमारती पाट्यांनी भरून गेल्या होत्या, आणि प्रत्येक पाटी कुठली तरी संगणकाची भाषा शिकवून अमेरिकेला पोचवायचं आश्वासन देत होती. माझा मावसभाऊ तसाच एक कोर्स करून गेला. त्याला विमानतळावर सोडून परत येताना मावशी माझ्या आईला म्हणाली, "हिलाही घाल की त्या क्लासला. कशाला परेशान होत बसलीय त्या विद्यापीठात?"

आई नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "तिचं तिला ठाऊक आहे." रिक्षातून उतरल्यावर मात्र तिनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "ठाऊक आहे ना गं?"

"आहे," मी म्हटलं. आणि मला खरंच ठाऊक होतं.

आमच्या विभागात तेव्हा सात वर्कस्टेशनं, म्हणजे जास्त ताकदीचे संगणक, नवीनच आली होती. त्याआधी तसलं एक मशीन परदेशातून मागवायचं म्हणजे दिल्लीपर्यंत परवानग्यांची रांग लागायची. आयातीचे नियम सैल झाले आणि खोकीच्या खोकी येऊन पडली. चार मशिनं तळमजल्यावरच्या लॅबमध्ये ठेवली, तीन वरच्या मजल्यावर प्राध्यापकांच्या खोल्यांमध्ये गेली. महिन्याभरात चित्र असं झालं की खाली मुलांची झुंबड, आणि वर मशिनांवर कापडी झाकणं. वरचे लोक सकाळी येऊन एखादं पत्र टाइप करायचे आणि पुन्हा झाकण घालायचे. दिवसभर ती मशिनं नुसती गरम व्हायची.

ते पाहून मला राग यायचा, आणि माझा विषय त्या रागातूनच निघाला. सातही मशिनं केबलनं एकमेकांना जोडलेली होती. मग खाली दिलेलं काम आपणहून वरच्या मोकळ्या मशीनवर का जाऊ नये? मालक येऊन बसला की ते गुमान तिथून उठावं आणि दुसरीकडे जावं. आणि एखादं मशीन मध्येच बंद पडलं, तर त्याच्यावरचं अर्धवट काम दुसऱ्यानं उचलावं. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारची वीज जायची, कधी एका मजल्याची, कधी दोन्ही. त्यामुळे हा शेवटचा भाग हौसेचा नव्हता. तो नसता तर बाकीच्याला अर्थच नव्हता.

माझे गाइड गुंटूरकडचे. आवाज इतका हळू की वर्गात पहिल्या बाकावर बसावं लागायचं. मला ते "अम्मा" म्हणायचे, तेलुगू मास्तर मुलींना म्हणतात तसं. माझी कल्पना ऐकून म्हणाले, "दोन गोष्टी एकत्र मागते आहेस, अम्मा. असलेली ताकद पुरेपूर वापरायची, आणि काही मोडलं तरी काम चालू ठेवायचं. या दोघींचं आपसात पटत नाही. पुढे बघशील."

"बघू, सर," मी म्हटलं.

पहिली अडचण मशिनांची नव्हती, माणसांची होती. वरच्या मजल्यावरचे एक प्राध्यापक काही केल्या तयार होईनात. म्हणाले, "माझ्या मशीनवर दुसऱ्याचं काम? उद्या माझ्या स्कूटरवरही कोणी बसेल."

"सर, बसेल, पण तुम्ही किल्ली हातात घेतली की उतरून जाईल," मी म्हटलं. "तुम्हाला तो दिसणारसुद्धा नाही."

ते हसले आणि झाकण काढून मला मशीन दाखवलं. मी माझा प्रोग्रॅम घातला. नंतर मधूनमधून ते दारात उभे राहून विचारायचे, "आत्ता आहे का कोणी माझ्या स्कूटरवर?" असेल तर मला "हो" सांगावं लागायचं, आणि मग ते मुद्दाम एक बटन दाबून पाहुण्याला हाकलायचे. ते मशीन किती झटकन मोकळं होतं ते पाहण्यात त्यांना मजा यायची. माझी फुकटात चाचणी व्हायची.

कोण चालू आहे आणि कोण बंद, हे कळण्यासाठी मी हजेरीची पद्धत ठेवली होती. दर थोड्या वेळानं प्रत्येक मशीन बाकीच्या सहांना "मी आहे" असा निरोप पाठवायचं. एखाद्याची हजेरी आली नाही की बाकीचे ते मेलं असं धरायचे आणि त्याचं काम वाटून घ्यायचे. पावसाळा आणि थंडीभर हे झकास चाललं.

मग उन्हाळा आला. सिव्हिल विभागात एक जुन्या शहरातला मुलगा होता, पुलांवर संशोधन करायचा. त्याची आकडेमोड फार मोठी, म्हणून तो ती माझ्या पद्धतीतून सात मशिनांवर पसरून करायचा. माझ्यापेक्षा वर्षभर मागे होता, म्हणून मला आपा म्हणायचा. एक दिवस तो कागदांची गुंडाळी घेऊन लॅबमध्ये आला.

"आपा, तुमारा सिस्टम मेरेकू दो जवाब दे रा. पूल एकीच है, जवाब दो कैसे?"

मी कागद पसरले. खरंच, एकाच खांबावरच्या भाराची दोन उत्तरं होती, आणि पुढच्या हिशेबात कुठे हे वापरलं होतं, कुठे ते.

"इसमेंसे सही कौनसा है?" त्यानं विचारलं.

"दोन्ही नाही," मी म्हटलं. "हे सगळं पुन्हा करावं लागेल. पण मला आधी हे कसं झालं ते बघू दे."

"हौ, देखो. पूल तो अभी बना नई," तो म्हणाला आणि शांतपणे खुर्ची ओढून बसला.

झालं होतं असं. वरच्या एका मशीनची डिस्क उन्हानं तापून पुन्हा पुन्हा अडखळत होती, त्यामुळे त्याचा वेग अगदी मंदावला होता. त्याची हजेरी उशिरा पोचली. बाकीच्यांनी ते मेलं असं धरलं आणि त्याचं काम दुसऱ्याला दिलं. दुसऱ्यानं मागच्या जतन केलेल्या टप्प्यापासून सुरुवात करून उत्तर लिहिलं. तेवढ्यात पहिलं मशीन रखडत रखडत आपल्या कामाच्या शेवटाला पोचलं आणि त्यानंही, शेजारच्या खांबांचे जुनेच आकडे धरून काढलेलं, वेगळं उत्तर लिहिलं. आपण मेलो असं इतरांनी ठरवलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी हजेरीची वेळ वाढवून पाहिली. मग खरोखर मेलेल्या मशीनचं काम किती तरी वेळ तसंच पडून राहायला लागलं. वेळ कमी केली, तर जिवंत मशिनं पटापट मृत जाहीर व्हायला लागली. काही आठवडे मी योग्य वेळ शोधण्यात घालवले. शेवटी एका दुपारी वीज गेलेली असताना, विभागाच्या पायरीवर आवारातल्या मोठमोठ्या शिळांकडे बघत बसले होते, तेव्हा मला स्पष्ट दिसलं की तशी योग्य वेळ नाहीच. केबलच्या पलीकडून काही आलं नाही, एवढंच या टोकाला कळतं. पलीकडचं मशीन मेलंय, की मंद झालंय, की मधली केबल तुटलीय, हे इथून कळायचा मार्गच नाही. मी कितीही हुशार प्रोग्रॅम लिहिला तरी नाही.

हे उमगल्यावर वाईट वाटायला हवं होतं. उलट मला हलकं वाटलं. जे कळणारच नाही ते शोधायचं थांबवलं, की जे करता येईल ते करायला आपण मोकळे होतो.

मी नवा नियम केला. कामाचा कुठलाही टप्पा पक्का करण्याआधी मशीननं सातांपैकी निम्म्याहून जास्त मशिनांची संमती घ्यायची. सातांत चार आणि चार असे दोन गट एकाच वेळी होऊ शकत नाहीत, कुठलं तरी एक मशीन दोन्हींत येणारच, आणि ते मशीन दुसऱ्यांदा होकार देणार नाही. म्हणजे मंद मशीन उशिरा उत्तर घेऊन आलं तर त्याला नकार मिळेल. आणि ज्याला चार होकार मिळत नाहीत त्यानं आपलं काम जतन करून थांबायचं. संपर्क पुन्हा जुळला की, मधल्या वेळात ते काम दुसऱ्यानं उचललं नसेल तर, जिथे थांबलं तिथून पुढे.

सरांना हे रुचलं नाही.

"अम्मा, समजा वरच्या आणि खालच्या मजल्यामधली जोड तुटली. वर तीन मशिनं राहतील. चांगली, धडधाकट मशिनं. आणि तुझ्या नियमाप्रमाणे ती हातावर हात ठेवून बसतील?"

"हो, सर."

"पडून राहिलेल्या मशिनांचा राग येतो म्हणून तू हा विषय घेतलास. आता तूच त्यांना बसवून ठेवते आहेस."

त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते बरोबर होतं. पण माझंही बरोबर होतं. मी म्हटलं, "सर, तिकडे सिकंदराबादच्या एका खिडकीवर आणि इकडे दुसऱ्या खिडकीवर एकाच गाडीची तिकिटं देतायत असं धरा. मधला संपर्क तुटला आणि दोन्ही खिडक्या विकतच राहिल्या, तर एका बर्थवर दोन माणसं येतील. एक खिडकी थोडा वेळ बंद राहिली तर लोक कुरकुर करतील, पण गाडीत भांडणं होणार नाहीत."

"सगळीच कामं बर्थसारखी नसतात," सर म्हणाले.

हा त्यांचा मुद्दा मी घरी घेऊन गेले. दोन दिवस मला तो सोडेना. मग मी पद्धतीत एक सोय घातली: काम देतानाच माणसानं सांगायचं, हे दोनदा झालं तर चालेल की नाही. ज्यांचं चालेल ती कामं तुटलेल्या बाजूलाही सुरू राहतील. पुलाच्या मुलाला विचारलं तर तो दोन्ही हात हलवत म्हणाला, "नक्को आपा, मेरा तो नक्कोच." सरांनी सोय पाहिली, मान हलवली, आणि म्हणाले, "बरं आहे. पण मला अजून पटलेलं नाही." आम्ही तिथेच थांबलो. त्यांनी मला अडवलं नाही आणि मीही नियम मागे घेतला नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका परदेशी कंपनीचे लोक विद्यापीठात येणार असं ठरलं. हैदराबादेत आपलं केंद्र काढावं का, इथली मुलं कशी आहेत, हे त्यांना बघायचं होतं. विभागप्रमुखांनी भिंतींना रंग काढला, कुंड्या मागवल्या आणि सरांना सांगितलं की तुमच्या विद्यार्थिनीचं काम दाखवा.

आदल्या दिवशी सर मला म्हणाले, "उद्यापुरता तो थांबण्याचा नियम काढून ठेवायचा का? थांबलेलं मशीन पाहुण्यांना वाईट दिसतं."

"राहू द्या, सर. थांबलंच तर मी सांगेन का थांबलं ते."

पाहुणे आले. त्यांच्यात एक वयस्कर इंजिनियर होते, मूळचे मद्रासकडचे, बरीच वर्षं परदेशात काढलेले. बाकीचे सुटात, हे साध्या स्वेटरमध्ये. मी ठरवल्याप्रमाणे काम सुरू केलं आणि म्हटलं, "आता मी या कोपऱ्यातलं मशीन बंद करते."

"तुम्ही नको," ते म्हणाले. "मी करतो. आणि कोणतं ते मीच ठरवतो."

त्यांनी मधल्या एका मशीनचं बटन दाबलं. पडद्यावर त्याचं काम दुसरीकडे गेलेलं दिसलं. त्यांनी ते परत सुरू केलं, वर जाऊन स्कूटरवाल्या प्राध्यापकांच्या मशीनची वीज काढली, पुन्हा लावली. काम चालूच. विभागप्रमुख खुशीत आले. खाली उतरताना त्या गृहस्थांना जिन्याच्या भिंतीवर एक लहान डबा दिसला.

"हे काय?"

"दोन्ही मजल्यांच्या केबल इथे जोडल्या जातात," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं बटन बंद केलं. सर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला.

वरून एका तरुण पाहुण्याचा आवाज आला, "इथली तिन्ही मशिनं अडकली!" आम्ही सगळे परत वर गेलो. तिन्ही पडद्यांवर एकच ओळ होती: काम जतन केलं आहे, संपर्काची वाट पाहत आहे. विभागप्रमुख घाईघाईनं पुढे झाले. "अजून प्रयोग चालू आहेत. विद्यार्थ्यांचं काम आहे, काही गोष्टी राहून जातात..."

"सर, काही राहिलेलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ही अडकली नाहीत. थांबली आहेत. मी त्यांना थांबायला सांगितलंय."

वयस्कर इंजिनियरांनी विचारलं, "खालची चार मशिनं चालू आहेत हे यांना कसं कळलं?"

"कळलेलं नाही. कळणारही नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की आपण तीन आहोत, आणि तीन म्हणजे सातांच्या निम्म्याहून कमी. पलीकडे चार जण काम करत असतील, किंवा कोणीच नसेल. ठाऊक नसताना पुढे गेलं तर दोन उत्तरं तयार होतील. म्हणून थांबायचं."

"आणि खालच्या चारांतलं एक आत्ता बंद पडलं तर?"

"तर खालचीही थांबतील. सगळंच थांबेल."

"सगळंच? आणि ते तुम्हाला चालतं?"

"चुकीच्या उत्तरापेक्षा उशिराचं उत्तर ज्यांना बरं, त्यांच्यासाठी चालतं. ज्यांचं तसं नाही त्यांनी काम देताना सांगायचं. तशी सोय आहे, आणि ती माझ्या सरांमुळे आहे."

ते स्वतः जिन्यात गेले आणि डबा सुरू केला. आम्ही वर उभे होतो. पडद्यावरची ओळ गेली आणि तिन्ही मशिनं पुन्हा कामाला लागली. त्यांनी वर येऊन खुर्ची ओढली, मला समोर बसायला सांगितलं आणि पाहणी सोडून जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्याशी बोलत बसले. बाकीचे सुटातले लोक कुंड्यांपाशी ताटकळले. मधेच सर आमच्या बोलण्यात उतरले, आणि थोड्या वेळानं ते माझ्या नियमाच्या बाजूनं भांडताहेत असं माझ्या लक्षात आलं. हळू आवाजातच, पण चांगले तावातावानं.

कंपनीनं केंद्र काढायचं ठरवलं आणि मला विचारलं. मी म्हटलं, प्रबंध पुरा झाल्यावर येईन. मावशीचं म्हणणं पडलं की इतकी मोठी कंपनी कोणासाठी थांबत नसते. आईनं तिला शांतपणे सांगितलं की नाही थांबली तर दुसरी येईल, आता येतच राहणार आहेत. कंपनी थांबली.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला आई शाळेतून अर्धी रजा काढून आली. मागच्या रांगेत बसून तिनं सगळं ऐकलं. इंग्रजी तिला कळत होतं, मशिनांचं काही कळायचं कारण नव्हतं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "कुठल्याही दोन बहुमतांत एक तरी सामाईक असतो, हे फार छान आहे गं. मी आठवीच्या मुलांना घालते हे सिद्ध करायला."

"जमेल त्यांना?"

"न जमायला काय झालं? सात मुलं उभी करायची पुढे."

सर मागून आले. आईला नमस्कार करून त्यांनी माझ्या हातात त्यांच्या पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचा कागद दिला. त्यात माझा नियम एक धडा म्हणून घातला होता. "माझं मत पूर्ण बदललेलं नाही, अम्मा," ते म्हणाले. "पण मुलांना दोन्ही बाजू कळल्या पाहिजेत. तुझी बाजू शिकवायला पहिल्या तासाला तूच ये."

मी गेले, आणि पुढे बरीच वर्षं जात राहिले. त्या तासाला पुलाचा मुलगा पहिल्या रांगेत येऊन बसला होता. त्याचा प्रबंध तोवर झाला होता, उत्तर एकच निघालं होतं, आणि तसं त्यानं वर्गातल्या सगळ्यांना सांगितलं.

कंपनीच्या नव्या कार्यालयात आम्ही मोजके लोक रुजू झालो तेव्हा मशिनं मुंबईला कस्टममध्ये अडकलेली होती. भाड्याचा एक मोकळा मजला, टेबलं, खुर्च्या, एक मोठा पांढरा फळा. मंडळी कंटाळून खिडकीतून रस्ता बघत होती. मी खडूऐवजी मार्कर पेन हातात घेतलं आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: आपल्याकडचं काय बंद पडलं तर चालेल, आणि काय चुकलं तर चालणार नाही?

"मशिनं येऊ द्या ना आधी," एक जण म्हणाला.

"येतील," मी म्हटलं. "तोवर हे ठरवू. ये, तू पहिला सांग."

तो उठून फळ्यापाशी आला. दुपारपर्यंत आमचं चांगलंच वाजलं, आणि फळा भरून गेला.